जुन्या पोको एफ-१ वर लिनिएज ओएस: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

ऑगस्ट २०१८ मध्ये शाओमीचा पोको एफ-१ भारतात आला तेव्हा त्यात अँड्रॉइड ८.१ होते. पुढे त्याला अँड्रॉइड १० आणि एमआययूआय (शाओमीची अँड्रॉइडवर आधारित स्वतःची प्रणाली) १२ पर्यंतचे अधिकृत अपडेट मिळाले आणि मग ते येणे बंद झाले. माझ्याकडचा फोन मात्र ठणठणीत होता. स्नॅपड्रॅगन ८४५ प्रोसेसर, ६ जीबी रॅम, पडद्यावर ओरखडा नाही आणि बॅटरी नुकतीच बदलून घेतलेली; जुनी होती ती फक्त सुरक्षा पॅचची, म्हणजे प्रणालीतले दोष बुजवणाऱ्या दुरुस्तीची, तारीख. तो फोन वडिलांना द्यायचा होता, आणि कित्येक वर्षे पॅच न मिळालेला फोन त्यांच्या हाती देणे मला पटेना. म्हणून त्यावर लिनिएज ओएस, म्हणजे कंपनीच्या प्रणालीऐवजी बसवता येणारी अँड्रॉइडवर आधारित प्रणाली, घातले. या कामाला दोन संध्याकाळी आणि मधला एक आठवडा लागला. त्यांपैकी एक संध्याकाळ तर निव्वळ एका चुकीच्या केबलपायी गेली. तुमची तशी जाऊ नये, म्हणून सगळा क्रम इथे सविस्तर लिहितो आहे.

सुरुवातीला चार शब्द नीट समजून घ्या, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. फोन चालू करताच सर्वांत आधी जागा होतो तो बूटलोडर. पुढे कोणती प्रणाली चालू द्यायची हे तो ठरवतो, आणि कंपनीने त्याला कुलूप घातलेले असते. रिकव्हरी ही फोनमधलीच एक छोटी, स्वतंत्र प्रणाली असून मुख्य प्रणाली पुसण्याचे व नवी बसवण्याचे काम तिच्यातून होते. रॉम म्हणजे तुम्ही रोज वापरता ती संपूर्ण प्रणाली. मोडेमसारख्या (फोनला नेटवर्कशी जोडणाऱ्या) भागांना चालवणारे खालच्या थरातले सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर. बोलताना आपण रॉमलाही सर्रास फर्मवेअर म्हणतो, पण सूचना वाचताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो, कारण लिनिएज ओएस रॉम बदलते आणि मोडेमचे फर्मवेअर बहुतेक वेळा कंपनीचेच राहते.

या लेखात सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी लहान लिपीतच टाइप कराव्यात.

१. अधिकृत अपडेट खरोखर संपले आहेत का, ते पाहा

सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीच्या पानावर अँड्रॉइडची आवृत्ती आणि सुरक्षा पॅचची तारीख दिसते. अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनमध्ये गूगल प्ले सिस्टीम अपडेटची वेगळी तारीखही असते. या तिन्ही निरनिराळ्या गोष्टी आहेत. आवृत्ती तीच राहून पॅच नवा येऊ शकतो, आणि जोखमीच्या दृष्टीने पॅच अधिक महत्त्वाचा. २०१५ च्या उन्हाळ्यात ‘स्टेजफ्राइट’ हा दोष उघडकीस आला. नुसत्या एका मल्टिमीडिया संदेशातून फोनमध्ये शिरकाव करता येईल असा तो दोष होता. त्यानंतर त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून गूगलने दरमहा सुरक्षा पत्रक काढायला सुरुवात केली.

तुमच्या फोनला कंपनीचे पॅच अजून मिळत असतील तर पुढची खटपट करू नका, असेच मी सांगेन. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस २४ या मालिकांपासून त्या त्या कंपन्यांनी ७ वर्षांच्या अपडेटचे आश्वासन दिलेले आहे. असा फोन उघडून बसण्यात काही शहाणपण नाही. अपडेट थांबले असतील तरीही शेवटचे अधिकृत अपडेट आधी बसवून घ्या. रॉमला त्याच काळातले मोडेमचे फर्मवेअर अपेक्षित असते. ही पायरी गाळली तर रॉम चढते, पण नेटवर्क येत नाही, आणि मग माणूस उगाच रॉमला दोष देत बसतो.

२. काय गमवावे लागेल, ते आधीच मान्य करा

सर्वांत मोठा प्रश्न बँकेच्या ॲपचा आहे. बूटलोडरचे कुलूप उघडे असले की गूगलच्या ‘प्ले इंटेग्रिटी’ तपासणीत फोन पूर्णपणे उत्तीर्ण होत नाही, आणि त्या तपासणीवर विसंबणारी ॲप चालायचे नाकारतात. कोणते ॲप कितपत कडक आहे हे ज्याचे त्याचे वेगळे असते, शिवाय आज चालणारे उद्या चालेलच असे नाही. माझे एका बँकेचे ॲप पहिल्याच पडद्यावर ‘हे उपकरण सुरक्षित नाही’ असे सांगून बंद झाले, तर दुसऱ्या बँकेचे काही न बोलता चालू लागले. तपासणीला चकवा देण्याच्या युक्त्या पुष्कळ फिरतात; पण ज्या फोनवरून पैशांचे व्यवहार करायचे तिथे मी त्या वापरत नाही. घरातला एकुलता एक फोन आणि त्यावरच यूपीआय अशी स्थिती असेल तर इथेच थांबावे. हे काम दुसऱ्या फोनवर करण्याचे आहे.

दुसरी गोष्ट कॉलची. जिओचे जाळे २-जी किंवा ३-जी वर चालत नाही, त्यामुळे व्होल्टीई (४-जी वरून कॉल करण्याची सोय) चालले नाही तर जिओच्या सिमवरून नेहमीचा कॉलच लागत नाही. तुम्ही निवडलेल्या रॉममध्ये तुमच्या फोनसाठी व्होल्टीई चालते का, हे आधी पाहून घ्या. याखेरीज कंपनीचे कॅमेरा ॲप जाते, वॉरंटी उरली असेल तर तिच्यावर पाणी सोडावे लागू शकते, आणि अनेक फोनमध्ये वाइडवाइनची (चित्रपटांच्या नकलेला अटकाव करणाऱ्या व्यवस्थेची) पातळी एल-१ वरून एल-३ वर घसरल्याने चित्रपटांची ॲप उच्च दर्जाचे चित्र दाखवत नाहीत.

३. फोनचे सांकेतिक नाव शोधा

रॉम बाजारातल्या नावावर चालत नाही, सांकेतिक नावावर चालते. पोको एफ-१ चे सांकेतिक नाव ‘बेरिलियम’. हा भेद किती घातक ठरू शकतो, याचा नमुना रेडमी नोट ५ मध्ये पाहायला मिळतो. भारतात रेडमी नोट ५ म्हणून विकला गेला तो ‘विन्स’, जो इतर देशांत रेडमी ५ प्लस होता. आणि परदेशात रेडमी नोट ५ म्हणून विकला गेला तो ‘वायरेड’, ज्याला आपण नोट ५ प्रो म्हणून ओळखतो. नाव एकच आणि आतले यंत्र निराळे, अशी ही स्थिती.

सांकेतिक नाव कळले की लिनिएज ओएसच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या फोनचे पान उघडा. पान नसेल तर त्या फोनला अधिकृत आधार नाही असे समजा. कुणीतरी व्हिडिओखाली दिलेल्या दुव्यावरची अनधिकृत फाइल पहिल्याच प्रयत्नात घेऊ नका. ती वाईटच असते असे नव्हे, पण बिघडल्यास काय चुकले हे नवख्याला ओळखता येत नाही. (लिनिएज ओएस हे नाव नवे वाटले तरी परंपरा जुनी आहे: २००९ पासून चालत आलेले सायनोजेनमॉड २०१६ च्या अखेरीस बंद पडले आणि त्याच संहितेवर हा प्रकल्प उभा राहिला.)

४. साहित्याची जुळवाजुळव

• विंडोज असलेला संगणक. शाओमीचे अधिकृत ‘एमआय अनलॉक’ साधन विंडोजवरच चालते. पुढचे काम लिनक्सवरही होते.
• माहिती वाहून नेणारी यूएसबी केबल, शक्यतो फोनसोबत आलेली.
• गूगलच्या अधिकृत पानावरून घेतलेले ‘प्लॅटफॉर्म टूल्स’. यातच एडीबी आणि फास्टबूट ही संगणकावरून फोनला कमांड देण्याची दोन्ही साधने येतात.
• विंडोजसाठी यूएसबी ड्रायव्हर.
• स्वतःचे एमआय अकाउंट (शाओमीचे खाते), त्याचा पासवर्ड, आणि मोबाइल डेटा चालू असलेले सिम.
• तीन फाइली: लिनिएज ओएसची रिकव्हरी, लिनिएज ओएसची झिप आणि गूगल सेवांची (‘गॅप्स’ची) झिप. शेवटचीसाठी ‘माइंड द गॅप्स’ हे पॅकेज घ्यावे. ते रॉमच्याच अँड्रॉइड आवृत्तीचे आणि ‘आर्म ६४’ (फोनच्या प्रोसेसरशी जुळणाऱ्या) प्रकारचे असले पाहिजे.
• फोनचे बिल, खोका आणि कागदावर लिहून घेतलेला आयएमईआय (फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक). डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की तो दिसतो.

फाइल उतरवल्यावर तिचा शा-२५६ ठसा (फाइलवरून काढलेली, फाइल बदलली की बदलणारी खूण) पानावर दिलेल्या ठशाशी जुळवून पाहा. विंडोजच्या कमांड खिडकीत ‘सर्टयुटिल डॅश हॅशफाइल’, मग फाइलचे नाव आणि शेवटी ‘शा २५६’ असे लिहिले की अक्षरांची लांबलचक ओळ मिळते. दोन्ही ओळींतली पहिली आणि शेवटची सहा-सहा अक्षरे डोळ्यांनी ताडून पाहिली तरी अर्धवट उतरलेली फाइल ओळखू येते.

५. माहिती बाहेर काढा, पण ‘बॅकअप झाला’ या संदेशावर विसंबू नका

बूटलोडरचे कुलूप उघडताना फोन संपूर्ण पुसला जातो, आणि पुसलेले परत येत नाही. फोटो, संपर्क आणि व्हॉट्सॲप यांची आठवण सगळ्यांनाच असते. विसरले जाते ते दोन टप्प्यांच्या पडताळणीचे ॲप, ज्यातले संकेत दुसऱ्या फोनवर न हलवता फोन पुसला तर स्वतःच्याच खात्यांबाहेर उभे राहण्याची वेळ येते. एसएमएस, नोंदवहीचे ॲप आणि कॉल रेकॉर्डिंगही याच यादीत येतात.

माझ्या हातून जवळजवळ सुटले होते ते याहून मोलाचे होते. फोटो आपोआप वर चढलेले होते, म्हणून मी निर्धास्त होतो. सवयीने फोन संगणकाला जोडून एकेक फोल्डर उघडून पाहिले, तेव्हा एमआययूआयच्या फोल्डरमधल्या ध्वनिमुद्रणाच्या उपफोल्डरात दोन फाइली सापडल्या: आजीने जात्यावरच्या म्हणून दाखवलेल्या ओव्या. फोटोंच्या बॅकअपला त्या फोल्डरशी काहीच देणेघेणे नव्हते. तेव्हापासून मी अंतर्गत साठवणीतले सगळे फोल्डर जसेच्या तसे संगणकावर उतरवतो आणि त्यांतल्या चार-पाच फाइली तिथे उघडून, वाजवून पाहतो.

हे झाले की फोनमधून गूगल खाते काढून टाका. खाते तसेच ठेवून फोन पुसला तर चोरीविरोधी संरक्षण जागे होऊन ते जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसते.

६. बूटलोडरचे कुलूप उघडा

सेटिंग्जमधल्या फोनच्या माहितीत एमआययूआयच्या आवृत्तीवर सात वेळा टिचकी मारा. विकासकांसाठीचे पर्याय खुले होतात. तिथे ओईएम अनलॉकिंग आणि यूएसबी डीबगिंग चालू करा, आणि ‘एमआय अनलॉक स्थिती’मध्ये जाऊन आपले खाते फोनशी जोडा. जोडताना वाय-फाय बंद आणि मोबाइल डेटा चालू हवा, नाहीतर विनंती नाकारली जाते.

यापुढे प्रतीक्षा आहे. फोन बंद करून आवाज कमी करण्याचे बटण आणि पॉवर बटण एकत्र धरले की फास्टबूट (संगणकाच्या कमांड ऐकणारी फोनची अवस्था) येते. पडद्यावर कानटोपी घातलेला ससा अँड्रॉइडच्या यंत्रमानवाची दुरुस्ती करताना दिसतो. संगणकावरच्या साधनात अनलॉक दाबले की टक्केवारी ९९ पर्यंत जाते आणि तिथे अडून ‘१६८ तासांनंतर या’ असा संदेश येतो. हा बिघाड नाही. १६८ तास म्हणजे सात दिवस, आणि त्यावर कोणतीही पळवाट नाही. याच दिवसांत अधीर होऊन लोक खाते पुन्हा जोडतात आणि घड्याळ शून्यापासून सुरू करून घेतात. फोन नेहमीसारखा वापरत राहावे आणि खात्याला हात लावू नये. शाओमीच्या नव्या, हायपर ओएसवरच्या फोनसाठी नियम याहून बरेच कडक आहेत, आणि काही कंपन्या तर ही सोयच देत नाहीत; त्यामुळे फोन कोणताही असो, खरेदीपूर्वीच हे विचारून ठेवलेले बरे.

आठव्या दिवशी तीच कृती पुन्हा करा. कुलूप उघडले की फोन पुसला जाऊन नव्याने सुरू होतो आणि सुरुवातीच्या बोधचिन्हाखाली ‘अनलॉक्ड’ हा शब्द दिसू लागतो.

७. रिकव्हरी बसवा

फोन पुन्हा फास्टबूटमध्ये आणा, केबल जोडा आणि प्लॅटफॉर्म टूल्सच्या फोल्डरात कमांड खिडकी उघडून ‘फास्टबूट डिव्हायसेस’ असे लिहा. उत्तरादाखल फोनचा अनुक्रमांक आला तर सगळे ठीक. माझ्याकडे काहीच येईना. ड्रायव्हर तीनदा बसवला, संगणक दोनदा बंद-चालू केला, आणि रात्री साडेदहाला लक्षात आले की ती केबल पॉवर बँकेसोबत आलेली, केवळ विजेसाठीची होती. फोनवर चार्जिंगचे चिन्ह उमटत असल्याने केबलवर संशय घ्यावा असे सुचलेच नव्हते. फोन चालू असताना संगणकावर त्यातल्या फाइली दिसतात का, एवढे आधी पाहिले असते तर ती संध्याकाळ वाचली असती.

केबल बरोबर असूनही कमांड देताच पडदा काळा होऊन कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘कोणतेही बटण दाबून बंद करा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली, तर संगणकाच्या यूएसबी ३ खाचेचा दोष समजावा. यूएसबी २ ची खाच किंवा साधा यूएसबी २ हब मध्ये घातला की काम होते.

अनुक्रमांक दिसल्यावर ‘फास्टबूट फ्लॅश रिकव्हरी’ आणि पुढे रिकव्हरीच्या फाइलचे नाव अशी कमांड द्या. काही सेकंदांत ती पुरी होते. आता फोन नेहमीसारखा सुरू होऊ देऊ नका, कारण एमआययूआय सुरू झाले की ते आपली मूळ रिकव्हरी परत आणून ठेवते. केबल काढा, पॉवर आणि आवाज वाढवण्याचे बटण एकत्र दाबून धरा आणि थेट नव्या रिकव्हरीतच उतरा.

८. जुने पुसा, नवे चढवा

रिकव्हरीत ‘फॅक्टरी रीसेट’ आणि त्यात ‘फॉरमॅट डेटा’ निवडा. जुन्या प्रणालीचे कूटबद्धीकरण याने निघून जाते. हे वगळले तर नवी प्रणाली सुरू होताना अडकते. मग मुख्य यादीवर परत येऊन ‘अप्लाय अपडेट’ आणि ‘अप्लाय फ्रॉम एडीबी’ निवडा, केबल जोडा आणि संगणकावर ‘एडीबी डॅश डी साइडलोड’ (साइडलोड म्हणजे संगणकावरून केबलने फाइल चढवणे) लिहून पुढे लिनिएज ओएसच्या झिपचे नाव द्या.

इथे पहिल्यांदा करणाऱ्याचा धीर हमखास सुटतो. टक्केवारी वाढत जाते आणि ४७ वर थांबते. पुढे सरकत नाही, आणि कधीकधी कमांड वाचता आली नाही असेही लिहून येते. केबल उपसू नका. फोनच्या पडद्याकडे पाहा. संगणक ४७ टक्क्यांवर थांबणे हे पुष्कळदा यशस्वी शेवटाचेच लक्षण असते, आणि खरे काय झाले ते फोनवरच्या ओळी सांगतात. काम चालू असताना केबल काढली तर मात्र अर्धी लिहिलेली प्रणाली पदरी पडते.

गूगल सेवा हव्या असतील तर त्या याच बैठकीत, प्रणाली पहिल्यांदा सुरू होण्याच्या आधी चढवायच्या. पुन्हा ‘अप्लाय फ्रॉम एडीबी’, पुन्हा साइडलोड, या वेळी गॅप्सची झिप. सही पडताळता आली नाही, पुढे जायचे का, असे रिकव्हरी विचारते. ते पॅकेज लिनिएज ओएसच्या सहीचे नसल्याने हा प्रश्न अपेक्षितच आहे, ‘यस’ म्हणा. हाच प्रश्न लिनिएज ओएसच्या झिपला आला तर मात्र ‘नो’ म्हणून फाइल पुन्हा उतरवून घ्या. एकदा गॅप्सविना फोन सुरू केला आणि नंतर ते चढवायला गेलात तर सेवा सारख्या कोसळत राहतात आणि परत सगळे पुसण्यावाचून गत्यंतर नसते.

९. पहिली सुरुवात आणि तपासणी

पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागतो. १५ मिनिटांपर्यंत वाट पाहावी. त्यापुढेही चिन्हच फिरत राहिले तर रिकव्हरीत जाऊन डेटा पुन्हा फॉरमॅट करा, कारण बहुतेक वेळा ती एक पायरी राहिलेली असते.

सुरू झाल्यावर आवडीची ॲप बसवण्याआधी दहा मिनिटे तपासणीला द्या. आयएमईआय कागदावरच्या आकड्याशी जुळतो का, दोन्ही सिमवरून कॉल लागतो आणि येतो का, जीपीएस, बोटाचा ठसा, कॅमेरा आणि ब्लूटूथ चालतात का, हे पाहा. आयएमईआय रिकामा दिसला तर तो ‘लिहून देणाऱ्या’ साधनांच्या नादी लागू नका. आयएमईआयमध्ये फेरफार करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. कंपनीची मूळ रॉम चढवून पाहणे हा त्यावरचा सरळ मार्ग. यूपीआयचे ॲप चालत असेल तर एसएमएसद्वारे त्याची नव्याने नोंदणी करावी लागेल.

१०. पुढचे अपडेट आणि परतीचा रस्ता

लिनिएज ओएसच्या नव्या बांधण्या (बिल्ड) साधारणतः दर आठवड्याला येतात आणि सेटिंग्जमधल्या अपडेटरमधून चढतात. माहिती आणि गॅप्स जागच्या जागी राहतात. अँड्रॉइडची मुख्य आवृत्ती बदलते तेव्हा मात्र अपडेटरवर काम भागत नाही. रॉम आणि तिच्या जोडीचे नव्या आवृत्तीचे गॅप्स, दोन्ही पुन्हा साइडलोड करावे लागतात. वडिलांच्या फोनचे अपडेट मी महिन्यातून एकदा, रविवारी घरी गेल्यावर करतो. आठवड्याला करण्याची गरज मला वाटली नाही.

मूळ रॉमवर परतायचे झाले तर कंपनीची फास्टबूट रॉम आणि ‘एमआय फ्लॅश’ हे साधन लागते. त्या साधनाच्या खिडकीत अगदी तळाशी तीन पर्याय असतात आणि ‘क्लीन ऑल अँड लॉक’ हा आधीच निवडलेला असतो. तो बदलून ‘क्लीन ऑल’ केल्याशिवाय फ्लॅशचे बटण दाबू नका. फोन एका प्रदेशाचा, रॉम दुसऱ्या प्रदेशाची आणि वर कुलूप बंद, असे झाले तर ‘ही आवृत्ती या उपकरणावर चालणार नाही’ असा संदेश येतो आणि फास्टबूटचे दारही बंद होते. मग ईडीएल (प्रोसेसरच्या आपत्कालीन डाउनलोडच्या) मार्गाने रॉम चढवावी लागते, जिच्यासाठी कंपनीचे अधिकृत खाते लागते आणि ते सेवा केंद्राकडेच असते. लिनिएज ओएस चालू असताना तर बूटलोडर पुन्हा कुलूपबंद करण्याचा प्रयोगही करू नका. कुलूप लावायचेच असेल तर आधी आपल्याच प्रदेशाची मूळ रॉम ‘क्लीन ऑल’ने चढवा, दोन दिवस वापरून पाहा, आणि मगच लावा.